काळ्या काचेमागचा कायदा

नवी मुंबईत जुना पब शोधायला निघणे हा पहिल्याच पावलाला फसलेला बेत वाटतो. हे शहर आखणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. वाशीची खाडी ओलांडणारा पहिला पूल १९७३ चा आणि मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये. ज्या शहराची पहिली पिढी अजून पेन्शन घेते आहे, तिथे शतकभराचा लाकडी काउंटर, धुराने काळवंडलेले छत, पितळी नळ आणि भिंतीवर बिअरच्या जुन्या जाहिराती कुठून मिळणार? तरीही वाशीच्या सेक्टर १७ पासून बेलापूरपर्यंत, तिथून पनवेल आणि उरणपर्यंत दारू पिण्याच्या जागा नीट पाहत गेले, की एक गोष्ट लक्षात येते. या जागा नव्या असल्या तरी त्यांची घडण जुनी आहे. काळी काच, अर्धवट उघडणारे दार, दिवसाही लावलेले दिवे, पोटमाळ्यावरचा एसी हॉल, बाजूला ‘फॅमिली’साठी राखलेली खोली : हे सगळे एखाद्या सजावटकाराच्या डोक्यातून निघालेले नाही. ते कायद्यातून निघाले आहे आणि त्या कायद्याचा इतिहास या शहराहून कितीतरी लांब आहे. माझे म्हणणे असे, की पिण्याच्या जागेचा खरा वास्तुकार परवाना असतो. नवी मुंबई हे म्हणणे तपासून पाहायला सर्वांत सोयीचे शहर आहे, कारण इथे परवाना आधी आला आणि इमारत नंतर.

हे केवळ आपल्याकडचे वैशिष्ट्य नाही. ज्या इंग्लंडकडून पब ही कल्पना आपण घेतली, तिथेही पबचे रूप कायद्यानेच पुन्हा पुन्हा बदलले. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने कोणत्याही करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा दिली आणि साध्या घरांच्या बैठकीच्या खोल्या रातोरात बिअरघरे झाल्या. १८६९ मध्ये ही मोकळीक आवरून परवान्याचा अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. व्हिक्टोरियन काळातल्या पबमध्ये आज ज्याचे कौतुक होते त्या नक्षीदार दुधी काचा आणि लहान-लहान कप्पे पिणाऱ्याला रस्त्यावरच्या आणि शेजारच्या नजरेपासून लपवण्यासाठी होते. पुढे याच कप्प्यांमुळे देखरेख करता येत नाही, अशी तक्रार दंडाधिकारी करू लागले, तेव्हा आतल्या भिंती पडू लागल्या. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने कार्लाइल परिसरातले पब स्वतःच्या ताब्यात घेतले आणि हॅरी रेडफर्न या वास्तुकाराकडून मोकळे, उजेडाचे, जेवणाची सोय असलेले नवे पब बांधून घेतले. ही सरकारी व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्लिश पबचे वातावरण’ म्हणतो, त्यातला बराच भाग सरकारी हुकमांचा गाळ आहे.

नवी मुंबईतला या इतिहासाचा सर्वांत खालचा थर पाहायचा तर नेरूळहून उरणची गाडी धरावी. ही लोहमार्गाची वाट जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पूर्ण झाली. खारकोपर, न्हावाशेवा, द्रोणागिरी अशी स्थानके मागे टाकत ती खाजणातून आणि मिठागरांच्या उरलेल्या तुकड्यांतून जाते. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले, त्यांत ठाणे आणि पनवेलबरोबर उरण तालुक्यातली गावेही होती. आज उरण म्हटले की बंदर आणि तेल आठवते. एकोणिसाव्या शतकात मात्र उरण मुंबईची भट्टी होते. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उरणच्या दारूच्या भट्ट्यांची नोंद आहे. गुजरातेकडून येणाऱ्या मोहफुलांपासून इथे दारू गाळली जाई, भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी होते आणि माल खाडी ओलांडून मुंबईच्या गुत्त्यांत जाई. पिणारे शहर पलीकडे आणि गाळणारे गाव अलीकडे, अशी ही वाटणी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ती पक्की केली. गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या, देखरेखीखालच्या ठिकाणी आणायचे, ताडीच्या झाडावर कर बसवायचा, असे त्याचे धोरण होते. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. आगरी, कोळी, कातकरी यांच्या घरातले पिणे एका फटक्यात गुन्ह्याच्या हद्दीत गेले आणि पिण्याला ‘मंजूर जागा’ लागू लागली. माझ्या मते आजच्या परमिट रूमची, म्हणजे परवान्यावर चालणाऱ्या बारची, पायाभरणी इथली आहे. दारू कुठे गाळायची आणि कुठे प्यायची याचा नकाशा सरकारने काढायचा, हे तत्त्व तेव्हाच ठरले.

या तत्त्वाला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नैतिक धार आली. मुंबईत पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आणली. तिचे प्रमुख पुरस्कर्ते डॉ. मंचेरशा गिल्डर स्वतः पारशी डॉक्टर होते, हा योगायोग उरणच्या पारशी भट्टीवाल्यांच्या संदर्भात विसरता येत नाही. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बालसरा खटल्यात या कायद्यातली काही कलमे रद्द केली, पण गाभा कायम ठेवला. त्या वर्षांत मुंबईतले पिणे घराघरांत शिरले. धोबीतलाव आणि वांद्र्याच्या गल्ल्यांतले आंटीचे अड्डे, झोपडपट्ट्यांतल्या हातभट्ट्या आणि प्रकृतीच्या कारणावर मिळणारे परवाने हे सगळे त्या बंदीचे अपत्य. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम आले. कायदा मात्र बदलला नाही. आजही महाराष्ट्रात दारू विकली जाते ती ‘दारूबंदी’ या नावाच्या कायद्याखाली. पिणाऱ्याकडे परवाना असावा ही अपेक्षा आजही कागदावर आहे आणि त्या परवान्याचे कारण म्हणून प्रकृतीचे रक्षण लिहिलेले असते. म्हणजे कायद्याच्या नजरेत परमिट रूममध्ये बसलेला माणूस मौज करत नाही, तो सवलत उपभोगतो. सवलत उपभोगणाऱ्याने फार दिसू नये, ही त्या जागेची पहिली अट.

आता या कायद्याची दोन शहरांतली फळे शेजारी ठेवून पाहावीत. दक्षिण मुंबईतल्या पिण्याच्या नामवंत जागा कायद्याहून वयाने मोठ्या आहेत. ताजमहाल हॉटेल १९०३ चे आणि त्यातला हार्बर बार १९३३ पासूनचा, म्हणजे पहिल्या दारूबंदीहून सहा वर्षांनी जुना. कुलाब्याचे लिओपोल्ड कॅफे १८७१ चे, कॅफे माँडेगार १९३२ चे. ही दोन्ही इराण्यांची हॉटेले, बिअर त्यांच्यात नंतर आली. इराणी हॉटेलाची रचना आधीच ठरलेली होती : शक्यतो कोपऱ्याची जागा, रस्त्याकडे उघडणारी रुंद दारे, उंच छत, संगमरवरी टेबले, आरसे आणि सगळीकडे नजर जाईल अशा जागी मालकाचा गल्ला. इराण्यांना कोपऱ्याच्या जागा मिळाल्या कारण इतर दुकानदार त्या अशुभ मानत, ही सांगोवांगी कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्या कोपऱ्यांनी दिलेला उजेड आणि वारा खरा आहे. नंतर आलेल्या परवान्याला या इमारतीत मिळेल तिथे अंग चोरून बसावे लागले. त्यामुळे माँडेगारमध्ये मारिओ मिरांडाची चित्रे पाहत बिअर पिणारा माणूस रस्त्यालाही दिसतो. लिओपोल्डच्या उघड्या दारांतूनच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या आत आल्या आणि त्या गोळ्यांच्या खुणा त्या जागेच्या भिंतींत आजही जपलेल्या आहेत. त्यानंतरही तिने आपली दारे बंद करून घेतली नाहीत.

नवी मुंबईत क्रम उलटा झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडलेल्या कल्पनेत पाणी होते, घरे होती, लोकल होती, कामाच्या जागा होत्या. सिडकोच्या सेक्टरांत शाळा, बाजार, बाग, दवाखाना, समाजमंदिर यांना भूखंड मिळाले. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी अंगणांची उतरंड रचली, राज रेवल यांनी गच्च्या आणि गल्ल्यांचे अख्खे गाव उभे केले. भारतीय वस्तीच्या वास्तुशास्त्रात ही दोन्ही कामे आदराने अभ्यासली जातात. पण संध्याकाळी चार माणसांनी पेला पुढ्यात घेऊन बसावे अशी जागा या विचारात कुठेच नव्हती आणि नसणारच, कारण दारूबंदीच्या कायद्याखालच्या सरकारी महामंडळाने तिचा भूखंड कसा आखावा? मग ही गरज शिरली ती निवासी इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. गाळा म्हणजे एका शटरची रुंदी आणि मागे खोल पोट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक, म्हणून खिडकी नाही. उजेडाला एकच तोंड, समोरचे, आणि तेच काळ्या काचेने बंद केलेले. दोन-तीन गाळे जोडून हॉल होतो, पोटमाळ्यावर एसीचा मजला आणि तिथले दर वेगळे. मागे मोरी आणि स्वयंपाकघर, दाराशी गल्ला, गल्ल्यावर देवाची तसबीर. परवान्यासोबत जागेचा नकाशा उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर होतो आणि त्या रेषेबाहेर फुटपाथवर किंवा गच्चीवर एक टेबल मांडले तरी उल्लंघन होते. सेक्टर १७ मधून चालताना जे दिसते ते अशा रीतीने दोन नकाशांचे भांडण आहे. एकात या व्यवसायाला जागाच नव्हती आणि दुसऱ्याने त्याला गाळ्याबाहेर येऊ दिले नाही.

इथे एक आक्षेप सरळ येतो. कायदा तर लिओपोल्डला आणि वाशीच्या बारला एकच आहे. मग एक उघडे आणि दुसरे बंद, याचे खापर कायद्यावर कसे फुटते? आक्षेप वजनदार आहे आणि त्याने माझे म्हणणे जरा घासून नीट होते. काळी काच लावा असा हुकूम मी कुठल्या कलमातून काढून दाखवत नाही. पण कायदा दोन रीतींनी बांधतो. एक, तो हद्द आखतो. दोन, तो त्या हद्दीतल्या कृतीला कोणता दर्जा द्यायचा ते ठरवतो. जुन्या इराण्याकडे खाण्याच्या जागेची प्रतिष्ठा आधीपासून जमा होती, म्हणून बिअर आली तरी दारे उघडी राहू शकली. नव्या सेक्टरातल्या मालकाकडे अशी जमा काही नव्हती. वर राहणारी सोसायटी, समोरची शाळा, कधीही येणारा निरीक्षक आणि ओळखीच्या नजरा चुकवणारे गिऱ्हाईक, या सगळ्यांना सांभाळणारा स्वस्त उपाय म्हणजे काळी काच. कायद्याने लाज नेमून दिली आणि बाजाराने तिला काच बसवली.

कायद्याने थेट भिंती, कठडे आणि फूट लिहिल्याचा पुरावा हवा असेल तर पनवेलपट्ट्यातच तो आहे. महामार्गालगतच्या डान्स बारचा प्रश्न २००५ च्या मार्च महिन्यात विधानसभेत आला तो पनवेलच्याच बारांवरून. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली, ऑगस्टपासून ती अमलात आली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. त्यानंतर सरकारने परवाने देण्यासाठी ज्या अटी घातल्या त्या एखाद्या वास्तुकाराच्या टिपणासारख्या वाचता येतात : नाचण्याचा मंच किमान दहा फूट बाय बारा फूट, त्याला तीन फूट उंचीचा कठडा, कठडा आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाच फूट अंतर, परमिट रूम आणि नाचाची जागा यांच्यामध्ये आडभिंत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांतली आडभिंतीची आणि सीसीटीव्हीची अट काढून टाकली, तशीच शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराचीही. म्हणजे एका निकालाने भिंत उभी राहते आणि दुसऱ्याने पडते. याच परिसरातले अनेक डान्स बार पुढे ऑर्केस्ट्रा बार झाले. मंच तोच राहिला, त्यावर गाणारे आले. परवान्याचा प्रकार बदलला की खोलीचा अर्थ बदलतो, याहून स्वच्छ उदाहरण वास्तुइतिहासात शोधून मिळणार नाही.

दुसरे उदाहरण अंतराचे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. नवी मुंबई तर महामार्गाच्या दोन्ही काठांना वाढलेले शहर. शीव-पनवेल रस्ता वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर यांच्या मधून जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरचे पट्टे ओढले तर शहराचा केवढा भाग त्यात येतो हे नकाशा पाहणाऱ्याला लगेच कळेल. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या परवूर इथे एका बारने दारापुढे वळणावळणांची चक्रव्यूहासारखी वाट बांधली, म्हणजे पायी मोजलेले अंतर पाचशे मीटरच्या पलीकडे जाईल. लोक हसले, पण ती वाट निखळ कायदेशीर वास्तुरचना होती. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीपुरती ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले आणि बंद पडलेली शटरे पुन्हा उघडली.

मग मॉलमधल्या आणि पाम बीच रस्त्यालगतच्या नव्या पबांचे काय, असे विचारता येईल. तिथे विटांच्या भिंती आहेत, लाकडी पिंपे आहेत, नळाची बिअर आहे, काचा पारदर्शक आहेत. हे तर फॅशनने घडले, कायद्याने नव्हे. मला हे अर्धेच खरे वाटते. विटा आणि पिंपे फॅशनची आहेत हे मान्य. पण पारदर्शक काच परवडते कारण ती काच मॉलच्या आत, तिसऱ्या मजल्यावर आहे. रस्त्याला ती दिसत नाही. मॉलच्या दारावर पहारेकरी आहे, वाहनतळ आहे, पेल्याची किंमत अशी आहे की सेक्टरातला माथाडी आत येणार नाही. जे काम गाळ्यात काळी काच करते, तेच इथे दर करतो. खऱ्या मोकळ्या जागेची तुलना करायची तर गोव्याकडे पाहावे. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्याने गोव्याने मुंबई राज्याची दारूबंदी अनुभवलीच नाही. तिथली गावातली तावेर्न घराच्या दर्शनी खोलीत आहे, दार रस्त्याला उघडे आहे, आणि काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते प्रदेशाचा अभिमान म्हणून. कोकणचाच किनारा, तोच माड, तेच माडीचे गाडगे. फरक हवामानाचा नाही, कायद्याच्या इतिहासाचा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वास्तुशास्त्राबाहेरचा आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांकडे पाठ करून दारूच्या जागेच्या सौंदर्याची चर्चा कशाला? मराठी माणसाने ‘एकच प्याला’ १९१९ पासून रंगभूमीवर पाहिला आहे. त्या नाटकातल्या सिंधूचे हाल ठाऊक असलेल्या समाजाला बारच्या खिडकीची काळजी करायला सांगणे उथळ वाटू शकते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. उभी बाटली आडवी करून मतदानाने दुकाने बंद पाडणाऱ्या बायकांचा अनुभव कुठल्याही सिद्धांताहून भारी आहे. नवी मुंबईच्या अंगणातच खारघर आहे. ग्रामपंचायतीच्या काळापासून तिथल्या रहिवाशांनी आपला नोड दारूमुक्त राहावा असा आग्रह धरला आणि बारच्या परवानगीला रस्त्यावर उतरून विरोध केला. निवासी सोसायटीच्या गाळ्यात दारूचे नवे दुकान उघडण्यासाठी सोसायटीची संमती बंधनकारक करण्याची घोषणा राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत केली, तिच्यामागेही हाच रोष आहे. मी या रोषाच्या बाजूने आहे. पण नीट पाहिले तर तो रोष गाळ्यावर आहे. घराच्या जिन्याखाली, मुलांच्या वाटेवर, काळ्या काचेआड काय चालते हे कळत नाही, ही तक्रार आहे. लपवलेली जागा पिणाऱ्याला सांभाळते, शेजाऱ्याला नाही. तिथे किती पाजले, कोणाला पाजले, वयाची अट पाळली का, हे रस्त्याला दिसत नाही. बायकांनाही ती बाहेर ठेवते किंवा ‘फॅमिली’च्या खोलीत कोंडते. म्हणून दारूचा विरोध करणाऱ्यालाही काळ्या काचेचे समर्थन करता येणार नाही.

या सगळ्यातून निघणारी मागणी साधी आहे. जिथे लोकांना दारू नको, तिथे त्यांच्या मताला मान देऊन ती नसावी. जिथे परवाना दिलाच जातो, तिथे त्या जागेला शहराच्या आराखड्यात स्वतःची, घरांपासून वेगळी, रस्त्याला उघडी जागा असावी, म्हणजे कार्लाइलमध्ये शंभर वर्षांपूर्वी जे सरकारने ठरवून केले तसे काही तरी इथे करता येईल. आणि वारशाची आस्था असलेल्यांनी या शहरात जुन्या विटा शोधत बसण्यापेक्षा उत्पादन शुल्क विभागाच्या फायलींतले मंजूर नकाशे जपावेत. कुठला गाळा कधी परमिट रूम झाला, आडभिंत कुठल्या वर्षी आली आणि कुठल्या निकालाने गेली, याची नोंद तिथे आहे. नवी मुंबईच्या पन्नास वर्षांच्या सामाजिक वास्तुइतिहासाची ती पहिली साधने ठरतील, कारण या शहरातले पिण्याचे घर गवंड्याने बांधण्याआधी कारकुनाने आखले होते.